सपाट रस्त्यावर खाली लागणारी गाडी

"गाडी पुढून खाली लागते," असं म्हणत उदयराव जगदाळे माझ्या टेबलावर किल्ली ठेवायला गेले. ती टेबलावर पोचायच्या आत त्यांच्या मुलीने वरच्यावर उचलली आणि माझ्या हातात दिली.

"किल्ली यांना परत द्यायची नाही, मॅडम. रिपोर्ट आल्याशिवाय तर नाहीच."

मी म्हटलं, "रिपोर्ट? ही वर्कशॉप आहे हो, पॅथॉलॉजी लॅब नाही."

"मी डॉक्टर आहे. मला लिहिलेलं द्या, मग मी मानेन," ती म्हणाली. डॉ. मेघना तिचं नाव. वय चाळिशीच्या आसपास, बोलणं इंजेक्शनसारखं. एकदा टोचलं की काम संपलं.

आधी माझं सांगते. मी सस्पेन्शनवाली. इंजिन, गिअर, एसी हे माझं काम नाही. गाडी रस्त्यावर कशी बसते, कशी वळते, सरळ सोडली तर सरळ जाते का, हे माझं काम. पुण्याजवळ एका कंपनीच्या टेस्ट ट्रॅकवर मी कितीतरी वर्षं हेच केलं. मग नवऱ्याने ठरवलं की आता आईंजवळ राहायचं, आणि आम्ही त्याच्या गावी, ग्वाल्हेरला आलो. घरात बसून मला वेड लागलं असतं. बिर्लानगरात बंद मिलच्या मागे एक शेड भाड्याने घेतली, लिफ्ट बसवली, अलाइनमेंटचं मशीन आणलं, झकास बोर्ड लावला. पहिले काही महिने लोक फक्त पंक्चर काढायला आले.

म्हणून शेडच्या दारात ती लाल गाडी उभी राहिली तेव्हा मला खरंच भरून आलं. परदेशी बनावटीची, दोन सीटची स्पोर्ट्स कार. दिल्लीहून सेकंडहँड आणलेली, पण तब्येत उत्तम. अशा गाडीचं इंजिन पुढे नसतं, सीटच्या पाठीमागे असतं. पुढचं बॉनेट उघडलं तर आत एक छोटी डिकी, आणि इंजिनच्या मागे आणखी एक डिकी. माझा फोरमन भदौरिया तिच्याभोवती नुसता प्रदक्षिणा घालत होता. भिंडचा माणूस, मिशी मोठी, बोलणं थोडकं. "मैडम, ये तो घोड़ी है," एवढंच म्हणाला.

उदयराव सत्तरी ओलांडलेले. जन्मभर फर्शीचा व्यापार केलेला, म्हणजे ग्वाल्हेरच्या पिवळट दगडाच्या लाद्यांचा. आता सगळं पुतण्याकडे सोपवलेलं. जगदाळ्यांचे पूर्वज दख्खनहून फौजेबरोबर आले, ते इथेच राहिले. हे त्यांनी मला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही नया बाजारच्या पाध्यांच्या सूनबाई ना?"

मी हो म्हटलं. त्या क्षणापासून मी माझ्याच वर्कशॉपमध्ये सूनबाई झाले ती झालेच.

"बरं झालं," ते म्हणाले. "पहिल्यांदा मेकॅनिकशी मराठीत बोलतोय. हिंदीत सांगितलं तर हे लोक काहीचं काही समजतात. परेशान होऊन गेलो होतो."

तेवढ्यात मेघनाने मला बाजूला घेतलं. "सीधी बात सांगते, मॅडम. गाडीत काही नाही. हायवेवर बाबांचे हात स्टिअरिंगवर थरथरतात. मी स्वतः बघितलंय. आई तर बसतच नाही आता. गाडीत खराबी निघाली तर ठीक, दुरुस्त करा, चालवू दे. पण नाही निघाली ना, तर प्लीज साफ सांगून द्या. मग ही गाडी विकू, आणि बाबांचं ड्रायव्हिंग पूर्ण बंद. स्कूटरसुद्धा."

हे सगळं ती हळू आवाजात बोलत होती, पण उदयरावांचे कान काही थरथरत नव्हते.

"सूनबाई," ते तिथूनच म्हणाले, "चंबळच्या खोऱ्यात जीप चालवली मी. जिथे रस्ता नव्हता तिथे. आता बाजारात जायला पण हिची परवानगी घेऊ?" आवाज मोठा होता, पण शेवटच्या शब्दाला जरा चिरकला. मला त्यांचं वाईट वाटलं. मुलीचं चुकत होतं असंही नाही. पण माणसाच्या हातातून गाडी काढून घेणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तर आता सगळं माझ्यावर आलं. गाडीत दोष निघाला पाहिजे, अशी प्रार्थना करणारा ग्राहक मी तोवर पाहिला नव्हता. जॉब कार्डावर मी तक्रार लिहिली: 'पुढचा भाग खाली घासतो.'

गाडी लिफ्टवर घेतली. पोटाखाली पुढच्या बाजूला ओरखडेच ओरखडे. ज्याने इंदरगंज ते बिर्लानगर हे स्पीडब्रेकर एकदा तरी ओलांडलेत त्याला यात नवल वाटणार नाही. आमच्याकडे दर दुकानदार आपापला स्पीडब्रेकर करून घेतो आणि त्याची उंची स्वतःच्या ऐपतीप्रमाणे ठेवतो. चोर हात वर करून समोर उभा होता. मी आणखी कशाला शोधू?

तरी रीतसर अलाइनमेंट तपासली. म्हणजे चाकांची दिशा. चालताना काही जणांची पावलं आत वळतात, काहींची बाहेर, तसंच चाकांचं असतं. त्याला आम्ही टो म्हणतो. दुसरं, कॅस्टर. सायकलचं पुढचं चाक धरणारी दांडी किंचित तिरकी असते, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीलाही तसाच तिरकेपणा दिलेला असतो. हे सगळं मशीन मोजतं. मोजण्याआधी गाडीतलं सामान बाहेर काढायचं, माप घ्यायचं, आणि नंतर सामान जिथलं तिथे ठेवायचं. हा नियम मी भदौरियाला पहिल्याच दिवशी शिकवला होता आणि त्याने तो कधीही मोडला नाही. मी ऑफिसात बसून आकडे बघितले. आकडे इतके सुंदर की फ्रेम करून लावावेत.

म्हणजे उरली ती उंची. आधीच्या मालकाने उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन बसवलं होतं. स्प्रिंगखाली एक रिंग असते, ती फिरवली की गाडी वर येते. आम्ही पुढची बाजू बोटभर वर घेतली. त्याने चाकांची दिशा जरा बदलते, तीही पुन्हा जुळवली. मग मी बिर्लानगरच्या गल्ल्यांतून एक फेरी मारली. एकाही स्पीडब्रेकरला पोट लागलं नाही. खाली घासणारी गाडी हायवेवर नेऊन मी काय बघणार होते?

किल्ली मेघनाच्या हातात दिली आणि ठणकावून सांगितलं, "दोष गाडीत होता. काढलाय."

उदयरावांची छाती दोन इंच फुगली. संध्याकाळी त्यांच्याकडून घरी गजकचा, म्हणजे इथल्या तिळाच्या मिठाईचा, डबा आला. सासूबाई म्हणाल्या, "चला, तुझी वर्कशॉप चालली म्हणायची."

दोन-तीन दिवसांनी गाडी परत. उदयरावांचा चेहरा पडलेला. मेघनाचा चेहरा 'मी सांगितलं नव्हतं का' असा.

"आता तर जास्तच खाली लागते," उदयराव म्हणाले.

"जास्त? काका, पुढून चांगली बोटभर वर घेतलीय."

"ते मला माहीत नाही. आधी थोडी लागायची, आता खूप लागते."

"कुठे लागते?"

"हायवेवर."

"हायवेवर? स्पीडब्रेकर आहे का तिथे?"

"स्पीडब्रेकरवर कशाला लागेल? हळू असली की काही नाही. वेग घेतला की लागते."

"मग खड्ड्यात?"

"अहो सूनबाई, खड्डा नाही, काही नाही! सपाट रस्ता! काचेसारखा!"

"सपाट रस्त्यावर खाली काय लागतं?"

"तेच तर तुम्हाला विचारायला आलोय!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. भदौरिया पाना हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. त्याला मराठी कळत नाही, आणि त्या दिवशी त्याचं काही बिघडलं नाही. आम्हाला तरी कुठे कळत होती?

मेघनाने मला पुन्हा बाजूला घेतलं. या खेपेला तिचा आवाज बदलला होता. "मी बाजूला बसले होते, मॅडम. हात सारखे हलत होते. सारखे. आणि आता हे, सपाट रस्त्यावर काहीतरी... तुम्हीच ऐकलं ना. मी सोमवारी न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीय." बोलता बोलता तिने डोळे पुसले. तोवर मला ती नुसती करडी वाटली होती. बाई घाबरलेली होती.

आणि खरं सांगू? मलाही तिचं पटायला लागलं. काचेसारख्या रस्त्यावर ज्याची गाडी खाली लागते त्या माणसाला काय म्हणायचं? मी चहा मागवला, उदयरावांना गोड बोलून घरी पाठवलं, गाडी ठेवून घेतली. आणि दुसरं काही सुचेना म्हणून पुढची बाजू आणखी थोडी वर घेतली.

भदौरियाने लांब जाऊन गाडी न्याहाळली. नाक वर, शेपटी खाली. "मैडम," तो म्हणाला, "ये अब तारे देख रही है."

"चुप रहो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. सासूबाई गॅसपाशी आल्या, वाकल्या, सिलिंडरची कडी धरून तो जरासा हलवला आणि म्हणाल्या, "अगं, हे खाली लागतंय."

मी वाकून बघितलं. "कुठे लागतंय? ट्रॉलीला?"

"ट्रॉलीला कशाला लागेल?"

"मग फरशीला?"

सासूबाईंनी सिलिंडर सोडला आणि कमरेवर हात ठेवले. त्या शाळेत हेडमिस्ट्रेस होत्या. तो चेहरा त्यांनी रिटायर होताना शाळेत जमा केलेला नाही. "फरशीला काय लागायचंय? खाली म्हणजे खाली! रिकामं! रिकामं लागतंय. हलवून बघ, कसं हलकं झालंय. पुण्यात सिलिंडर संपत नाहीत का?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा ओट्यावर.

हिंदीत खाली म्हणजे रिकामं. हिंदीत लगता है म्हणजे वाटतं. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली. मराठी त्यांनी जिवापाड सांभाळली, पण आजूबाजूची हिंदी काही दाराबाहेर थांबली नाही. ती आत आली आणि मराठीचं लुगडं नेसून बसली. मी पुण्याची. मला वाटलं, समोरचा मराठी बोलतोय म्हणजे मला कळतंय. हिंदीत सांगितलं असतं तर मी निदान कान देऊन ऐकलं असतं!

गाडी पुढून खाली लागते. म्हणजे गाडी पुढून रिकामी वाटते. हलकी. नाकावर वजन नसल्यासारखी. अहो, टेस्ट ट्रॅकवर आमचे ड्रायव्हर हीच तक्रार सांगायला अर्धं पान लिहायचे. या माणसाने ती चार शब्दांत सांगितली होती, तीही अगदी अचूक. आणि मी काय केलं? ज्या गाडीचं नाक वेगात हलकं होतं, तेच नाक आणखी वर उचललं. नाक वर गेलं की पुढून वारा पोटाखाली शिरतो, तो सायकलवाला तिरकेपणाही कमी होतो, आणि स्टिअरिंग आणखी सैल पडतं. अशा गाडीत मी एका म्हाताऱ्या माणसाला बसवून हायवेवर पाठवलं होतं.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुम्ही थोर आहात," मी म्हटलं.

"ते आहेच. आधी सिलिंडर बदल."

सिलिंडर बदलला आणि उदयरावांना फोन लावला. "काका, वेग घेतला की स्टिअरिंग हातात हलकं लागतं का? म्हणजे तुम्ही फिरवताय, पण पुढे चाकांना ठाऊकच नाही, असं?"

"हो! हेच तर! पहिल्या दिवसापासून दुसरं काय म्हणतोय मी?"

"मला वाटलं घासते म्हणताय."

पलीकडून उदयराव म्हणाले, "घासत असती तर घासते म्हणालो असतो ना, सूनबाई. मराठी येते मला."

मुकाट्याने वर्कशॉप गाठली आणि सगळ्यात आधी माझे पराक्रम उलटे केले. पुढची उंची होती तिथे आणली, चाकांची दिशा जुळवली, भदौरियाने सामान जिथलं तिथे ठेवलं. मग बापलेकींना बोलावून घेतलं. पहिल्यांदा आली तशीच गाडी, कुठेही हात न लावता, मला हायवेवर बघायची होती. खरं तर ते मी पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं.

बायपासवर एका पेट्रोल पंपाशी जमलो. आधी मी एकटीने चालवली. ऐंशीपर्यंत गाय. नव्वदला स्टिअरिंगमधला जीव निघून गेला. शंभरला नाक डावीकडे जाऊ की उजवीकडे, असा विचार करायला लागलं. मी थोडं डावीकडे वळवावं, काही होऊ नये, आणखी वळवावं, मग एकदम व्हावं. टेस्ट ट्रॅकवर मुरलेले माझे हातसुद्धा सारखे हलत होते. उदयरावांचं तिळमात्र खोटं नव्हतं. मी परत येऊन त्यांना तसं सांगणारच होते, पण मेघनाकडे बघितलं आणि विचार बदलला. तिला माझं तोंडी सांगणं चालणारं नव्हतं.

"डॉक्टर, तुम्ही चालवा."

"मी? मला ही गाडी पसंतच नाही."

"पसंत करायला सांगत नाही. चालवायला सांगतेय. शंभरच्या वर जायचं नाही, आणि घाबरल्यासारखं झालं तर ब्रेक मारायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढायचा."

उदयराव आणि भदौरिया पंपावर थांबले. मी तिच्या शेजारी बसले. रस्ता मोकळा होता. तिने ऐंशी घेतले, नव्वद घेतले. पुढे तिचं बोलणं थांबलं. ओठ आवळले गेले, खांदे कानाला लागले.

"मॅडम, ये क्या कर रही है? ही सरळ का जात नाही?"

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमच्या हातांकडे बघा."

तिने बघितलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर सारखे हलत होते, थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, थोडे डावीकडे. थरथरल्यासारखे. मग तिने लगेच रस्त्याकडे बघितलं, ते फार बरं केलं. हळूहळू पाय काढला, गाडी कडेला घेतली आणि हॅझर्ड लावून बसून राहिली.

"बाबांचे असेच हलतात," ती म्हणाली. "एकदम असेच."

"कोणाचेही हलतील. गाडी सरळ ठेवायची म्हणून ते हलतात."

ती हसायला लागली आणि एकीकडे डोळे पुसायला लागली. "मी त्यांना अंधारात एका रेषेवर चालायला लावलं, मॅडम. नाकाला बोट लावायला लावलं. शंभरातून सात वजा करत जा म्हटलं."

"जमलं का त्यांना?"

"सगळं जमलं. म्हणून तर मी आणखी घाबरले." आणि तिने तिथेच फोन काढून सोमवारची अपॉइंटमेंट रद्द केली.

एक प्रश्न सुटला. दोष गाडीत होता. पण कुठे? मशीनवर प्रत्येक वेळी सगळं सुंदर येत होतं. शेडमध्ये परत आल्यावर मी ठरवलं की आता गाडी रस्त्यावरून जशी आली तशीच मोजायची. टेप घेऊन मागच्या चाकापाशी उकिडवी बसले. मागची बाजू चांगलीच खाली बसलेली.

"मैडम," भदौरिया म्हणाला, "नापने से पहले डिक्की खाली कर दूँ?"

त्या शब्दाने मला आता शहारेच यायचे. "रुको! डिक्की में है क्या?"

"वही जो हर बार होता है. पत्थर."

"पत्थर?"

त्याने मागची डिकी उघडली. जुन्या सोलापुरी चादरीत नीट गुंडाळलेल्या, एकावर एक रचलेल्या, फर्शीच्या जाडजूड लाद्या. भदौरिया सांगत गेला. प्रत्येक वेळी माप घेण्याआधी त्याने त्या बाहेर काढल्या होत्या. प्रत्येक वेळी माप झाल्यावर, एकही कोपरा न दुखावता, पुन्हा आत रचल्या होत्या. गल्लीतली माझी फेरीसुद्धा त्या बाहेर असतानाच झाली होती. म्हणजे आम्ही गाडीतला दोष काढून ठेवत होतो, निरोगी गाडी मोजत होतो, आणि दोष चादरीत गुंडाळून परत ठेवत होतो.

"अरे, मुझे बताया क्यों नहीं?"

"फर्शी वालों की गाड़ी है, मैडम. फर्शी नहीं तो क्या कद्दू निकलेगा? और आप ही ने कहा था, जैसा था वैसा रखना है."

बरोबरच होतं त्याचं. मी उदयरावांकडे वळले. "काका, हे काय आहे?"

"फर्शी," ते अभिमानाने म्हणाले. "अस्सल. आजकाल असा दगड मिळत नाही."

"पण गाडीत कशाला?"

"वजन म्हणून. मागे वजन असलं की गाडी बसते. जीपमध्ये मी नेहमी ठेवायचो. मागून रिकामी जीप कशी उडते, माहीत आहे ना?"

माहीत आहे. जीपचं इंजिन पुढे असतं. मागे काहीच नसतं, म्हणून मोकळी जीप मागून उड्या मारते आणि दगड ठेवले की शांत होते. जीपच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर. फक्त या गाडीचं इंजिन आधीच मागे होतं.

"पहिल्याच दिवशी मला लागलं, ही जरा हलकी आहे," उदयराव सांगत होते. "म्हणून दोन ठेवल्या. मग पुढून खाली लागायला लागली, तर आणखी एक ठेवली."

"मग?"

"मग आणखी खाली लागायला लागली."

"मग?"

"मग आणखी एक ठेवली."

मेघनाने कपाळाला हात लावला. मी एक लांब पाना घेतला आणि तो स्टुलावर मध्याच्या जरा मागे टेकवला. "काका, हे स्टूल म्हणजे मागची चाकं. आता मी चाकांच्या मागे वजन ठेवते." मागच्या टोकावर बोट दाबलं. पुढचं टोक वर.

उदयराव पान्याकडे बघत राहिले. मग एकदम ओरडले, "उलार! अरे, गाडी उलार केली मी!"

"उलार!" भदौरियाही ओरडला. "हाँ मैडम, उलार है!"

बैलगाडीत मागे जास्त माल भरला की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. ती गाडी उलार. मराठीतही तोच शब्द, हिंदीतही तोच. इतक्या दिवसांत आम्हा तिघांना एकाच वेळी कळलेला तो पहिला शब्द. उदयरावांनी तर ट्रक भरण्यात आयुष्य घालवलेलं. "मजूर असा माल भरायचे तर मी त्यांना शिव्या द्यायचो," ते म्हणाले आणि स्वतःवरच इतके हसले की त्यांना ठसका लागला.

लाद्या काढल्या. मागची बाजू आपोआप वर आली, नाक खाली बसलं. मी एकही पाना फिरवला नाही. या खेपेला उदयराव चालवायला आणि मी शेजारी. नव्वद, शंभर, आणि गाडी जशी रुळावर. त्यांनी स्टिअरिंगवरची बोटं जरा उचलून धरली आणि म्हणाले, "सूनबाई, बघा."

बोटं अगदी स्थिर होती. डोळ्यांतलं पाणी मात्र हलत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझंही तेच झालं होतं.

शेडमध्ये परतलो तर मेघना वाद घालायच्या तयारीने उभी. "म्हणजे खराबी बाबांनीच केली! दगड कोणी ठेवले?"

"दगड कुठे होते?" उदयराव म्हणाले. "गाडीत. म्हणजे खराबी गाडीतच. तुझाच शब्द आहे."

"हे चीटिंग आहे!"

दोघं माझ्याकडे बघायला लागली. तिला लिहिलेलं हवं होतं ना? मी लेटरहेड घेतलं आणि लिहिलं: 'दोष गाडीत सापडला. बाहेर काढला. चालकाचे हात उत्तम.' शेवटचं वाक्य माझ्या खात्यातलं नव्हतं, पण शिक्क्यासकट दिलं. मेघनाने ते दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली. "सॉरी, बाबा," म्हणाली. उदयरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच गाडीत जाऊन बसले. तिचं मत बदलायच्या आत.

महिन्याभराने उदयराव स्कूटरवरून आले. एकटेच.

"गाडी कशी आहे, काका?"

"उत्तम," ते खिन्नपणे म्हणाले.

"मग?"

"मेघना नेते. एकदा म्हणाली, बाबा, बघते तुम्ही म्हणता तशी चालते का. आता रोज हॉस्पिटलला घेऊन जाते. रविवारी जावई नेतो. म्हणते, बाबा, काय मक्खन चालते! मी मागितली तर म्हणते, तुमच्याकडे स्कूटर आहे ना."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. भदौरिया लांब होता. मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "सूनबाई, तुम्ही सगळं जाणता. थोडी बिघडवून देता येईल का? जास्त नाही. तिला आवडणार नाही, इतपत."

मी नाही म्हटलं. गाडी बिघडवायचं काम मी घेत नाही, निदान जाणूनबुजून तरी. पण धंद्यात एक शिकले. नवा ग्राहक आला की तक्रार मी त्याला दुसऱ्या शब्दांत पुन्हा एकदा सांगायला लावते. ती नीट कळली की मग विचारते, घरात लायसन्स आणखी कोणाकोणाकडे आहे.